मिररलेस घेऊ की खिशात मावणारा छोटा? (रविवारचे ट्रेक + घरात चार वर्षांची मुलगी, बजेट ७० हजार)

रविवारचा_गडी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी नाशिकचा. आठवडाभर कंपनी आणि रविवारी कुठला ना कुठला गड. माझ्याकडे २०१३ ला घेतलेला निकॉन डी३२०० आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स. पहिली दोनतीन वर्षं कुठंही जा, कॅमेरा गळ्यात. मग एकदा हरिहरला, ते कातळातले उभे जिने चढताना (ज्यांनी चढलेत त्यांना माहितीय, दोन्ही हात खोबणीत घालायला लागतात आणि नाक वरच्या पायरीला टेकतं) कॅमेरा दर पायरीला टणाटण दगडावर आपटत होता, खालून दहा जण "चला भाऊ चला", वरून उतरणारे वेगळेच. त्या दिवसापासून कॅमेरा गळ्यातून सॅकमध्ये गेला, सॅकमध्ये गेला की काढायचा कंटाळा, आणि मग सॅकमधून जो कपाटात गेला तो गेली तीन वर्षं तिथंच आहे. फोटो सगळे मोबाईलवर. दुपारी ठीक येतात, पण संध्याकाळ झाली की झूम करून बघितलं तर झाडं म्हणजे शाळेतल्या मुलानं वॉटरकलरनं रंगवल्यासारखी.

आता बोनस मिळालाय. दोन रस्ते दिसतायत. एक, नवीन मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा), निकॉन झेड३० नाहीतर कॅनन आर५०, सोबत येणाऱ्या किट लेन्ससकट. दोन, छोटा कॉम्पॅक्ट. ऑफिसातला एक मित्र त्याचा सोनी आरएक्स१०० मार्क ३ विकतोय, २८ हजार म्हणतोय. यूट्यूबवर सगळे सांगतात की सेन्सर (आतली उजेड टिपणारी चकती) मोठा तेवढा फोटो चांगला, मग छोटा घेऊन पस्तावणार तर नाही ना? मुलगी चार वर्षांची आहे, घरात सतत पळत असते आणि जानेवारीत तिचं पहिलं गॅदरिंग आहे, तेही डोक्यात आहे. बायकोचं मत विचारलं तर म्हणाली, "जो घेशील तो घे, पण कपाटात आता जागा नाही."

--

साधासरळ:

मोबाईल चांगला घ्या ना त्यापेक्षा. सत्तर हजारात कॅमेरा पण आणि फोन पण. आजकाल कॅमेरे कोण घेतं.

--

रविवारचा_गडी:

@साधासरळ फोन दीड वर्षापूर्वीच घेतलाय हो. आणि गडावर फोनची बॅटरी मला परत यायला पण लागते.

--

छिद्रान्वेषी:

लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

"सेन्सर मोठा तेवढा फोटो चांगला" हे अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं न सांगितल्यामुळे लोकांचे पैसे जातात. सेन्सर म्हणजे भांडं. भांड्यात पाणी किती साठणार हे भांड्याच्या तोंडावर जितकं अवलंबून आहे तितकंच वरून धार किती जाड पडतेय त्याच्यावर पण आहे. नळाला करंगळीएवढी धार असेल तर खाली पातेलं ठेवलं म्हणून ते जास्त भरत नाही. लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, म्हणजे ती धार. ते एफच्या आकड्यात सांगतात, आकडा लहान तेवढी धार जाड.

आता आकडे. झेड३० चा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.७ मिमी. आरएक्स१०० चा १३.२ बाय ८.८ मिमी (याला एक इंची म्हणतात, पण कुठूनही मोजा, एक इंच भरत नाही, ते नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या काचेच्या ट्यूबच्या मापावरून आलंय). क्षेत्रफळ काढलं तर झेड३० चं भांडं ३.२ पट मोठं. इथपर्यंत यूट्यूबवाले बरोबर.

पण झेड३० सोबत जी १६-५० किट लेन्स येते ती एफ ३.५ ला सुरू होते आणि झूमच्या टोकाला एफ ६.३ होते. मार्क ३ ची लेन्स एफ १.८ ते एफ २.८. दोघांची झूमची रेंज जवळपास सारखीच, जुन्या ३५ मिमी फिल्मच्या मापात एकाची २४-७५ आणि दुसऱ्याची २४-७० धरा. वाइडला (झूम न करता) एफ १.८ ची धार एफ ३.५ च्या पावणेचार पट, झूमच्या टोकाला एफ २.८ ची धार एफ ६.३ च्या पाचपट. म्हणजे भांडं ३.२ पट लहान असून सुद्धा एकूण उजेड त्या छोट्या कॅमेऱ्यातच जास्त साठतो, वाइडला थोडासाच जास्त, झूमला जवळपास दीडपट. आर५० ची १८-४५ तर एफ ४.५ लाच सुरू होते, तिथं वाइडलाच फरक दुपटीचा पडतो. मान्य की मार्क ३ चा सेन्सर २०१४ चा आहे आणि नवीन सेन्सर थोडे पुढे गेलेत, पण तरी "मिररलेस घेतला की घरातल्या ट्यूबलाइटमध्ये चमत्कार होणार" हे किट लेन्सवर होत नाही. लोक कॅमेरा घेतात, किट लेन्सवर आयुष्य काढतात आणि मग म्हणतात काय मोबाईलसारखंच आलं.

मिररलेसचा फायदा खरा कधी? एक, किट काढून फेकून देऊन (फेकू नका, समजून घ्या) एफ १.७ - १.८ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावली की. निकॉनची झेड साठीची २४ मिमी एफ १.७ आहे, वजन १३५ ग्रॅम, ती लावली की मग ते पातेलं खऱ्या अर्थानं भरतं आणि छोटा कॅमेरा मागे पडतो. दोन, ट्रायपॉडवर किंवा भरपूर उन्हात, जिथं उजेडाची कमतरताच नाही तिथं मोठं भांडं काठोकाठ भरता येतं. सूर्य समोर, खाली दरी काळी, अशा फोटोत मोठा सेन्सर सावलीतलं जास्त वाचवतो. ट्रेकवाल्याला हे कामाचं आहे, नाकारत नाही.

तर प्रश्न "कुठला सेन्सर" हा नाहीच. दुसरी लेन्स घेणार का, आणि घेतली तर ती हरिहरच्या पायरीवर बदलणार का, हे ठरवा.

--

रंकाळा_बॉईज:

भावा लै भारी समजावलंस छिद्रान्वेषी, नाव सार्थ केलंस 😄

पण एक गोष्ट कोण बोलंना. पोरगी चार वर्षांची, पळती. माझी पण तेवढीच हाय. माझ्याकडं आधी कॉम्पॅक्टच होता, त्याचा फोकस बसेपर्यंत पोरगी फ्रेममधनं निघून शेजारच्यांच्या घरात जायची, माझ्याकडं तिच्या पाठमोऱ्या वेणीचे फोटो शंभरभर असतील. मार्क ३ चा फोकस जुन्या पद्धतीचा आहे, पुढं मागं करत शोधत बसतो. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ नंतर आला, २०१९ ला, पण त्याचा पण तसलाच. नवीन मिररलेसमधी डोळा धरतो आणि सोडत नाय. मी गेल्या वर्षी आर५० घेतला, घरात ५० एफ १.८ लावून ठेवतो, आता वेणी नाय, तोंड येतं. उजेड किती साठतो त्याचं गणित बरोबर असंल, पण फोकसच चुकला तर भांड्यात काय साठवणार, धूर?

आणि गडावर पण नेतो मी. पन्हाळ्याला काय चढायचं नसतंय म्हणा 😄

--

छिद्रान्वेषी:

@रंकाळा_बॉईज मान्य, शंभर टक्के मान्य. पळत्या पोरासाठी नवीन ऑटोफोकसला तोड नाही. सोनीच्या त्याच मालिकेतला मार्क ७ फोकसला वेगवान आहे पण तो बजेटच्या बाहेर, आणि त्याची लेन्स एफ २.८ ते ४.५, म्हणजे धार परत बारीक.

--

वाशिष्ठीकाठी:

मी चिपळूणची, त्यामुळे माझं सगळं बोलणं पाणी आणि बुरशी याभोवतीच फिरणार, आधीच सांगते.

@रविवारचा_गडी तुमचा डी३२०० तीन वर्षं कपाटात आहे म्हणालात ना, आधी उठा आणि लेन्स बघून या. मागचं पुढचं झाकण काढायचं, ॲपर्चर उघडं ठेवायचं, मोबाईलची टॉर्च एका बाजूनं तिरकी मारायची आणि दुसऱ्या बाजूनं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. नाशिकला आमच्याएवढा दमटपणा नाही पण पावसाळाभर बंद बॅगेत, कपड्यांच्या कपाटात ठेवलं तर कुठंही धरते. कॅमेऱ्याची ती मऊ बॅग असते ना तीच ओल धरून ठेवते, घरी बॅगेत ठेवूच नका.

माझी पद्धत स्वस्तातली आहे. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलची निळी दाणेदार पुडी. दाणे गुलाबी पडले की एका जुन्या तव्यावर मंद गरम केले की परत निळे होतात (तो तवा परत पोळ्यांना वापरायचा नाही, त्या निळ्या रंगात जे असतं ते पोटात जायला नको). आणि कोणीतरी सांगतं म्हणून तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवू नका हो, तांदळाची पूड सगळ्या फटीत जाते, माझ्या दिरानं करून बघितलंय.

आता छोट्या कॅमेऱ्याबद्दल. मी एक वापरला चार वर्षं, कंपनी सांगत नाही. त्याची लेन्स आतबाहेर सरकते, प्रत्येक वेळी आत जाताना बाहेरची धूळ घेऊन आत जाते, खिशातला भुसा पण. एकदा सेन्सरवर धूळ बसली की तुम्हाला काही करता येत नाही, लेन्स निघतच नाही, आख्खा कॅमेरा उघडायला द्यावा लागतो आणि तो खर्च ऐकून मी परत घेऊन आले. मिररलेसमध्ये निदान ब्लोअरनं फुंकर मारता येते. शिवाय बुरशी किट लेन्सला लागली तर लेन्स बदलता येते, छोट्याला लागली तर सगळाच गेला. पावसात तर यातला कुठलाच कॅमेरा पाण्यासाठी बनवलेला नाही, झेड३० नाही, आर५० नाही, सोनी नाही. जुलैत घाटात न्यायचा तर झिपलॉकची पिशवी लागणारच, दोन ठेवा, एक हमखास फाटते.

एवढं सगळं बोलून सुद्धा माझ्या आयुष्यातले चांगले फोटो त्या छोट्यावरचेच आहेत. काजव्यांचे सोडून, ते ट्रायपॉडवर मोठ्या कॅमेऱ्यानंच.

--

रविवारचा_गडी:

ताई, गेलो, बघितलं. १८-५५ च्या आत पांढरे धागे आहेत. एका कोपऱ्यात, फुलासारखे पसरलेत. दोन मिनिटं काही बोललोच नाही. बायकोनं विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही.

पण कॅमेरा चालू झाला. बॅटरी चार्ज केली आणि पहिल्या झटक्यात चालू.

--

फिल्मवाले_काका:

वाशिष्ठीताईंनी टॉर्च मारायला लावली ते उत्तम केलं. आता माझं ऐक. (वय बासष्ट आहे, अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.)

तुझ्याकडे जो डी३२०० आहे त्याचा सेन्सर झेड३० च्याच मापाचा आहे. २४ मेगापिक्सेल. २०१२ चा असला तरी मुलीच्या फोटोला काहीही कमी पडत नाही. म्हणजे मोठा सेन्सर तुझ्या घरात आधीच आहे, तीन वर्षं कपाटात आहे. तुझी अडचण सेन्सरची कधीच नव्हती, पाऊण किलो गळ्यात अडकवून कातळ चढायची होती. आता झेड३० घेतलास तर किटसकट ५४० ग्रॅम होतात. दोनशे तीस ग्रॅम वाचले. खिशात तो तरीही जात नाही, गळ्यातच येतो, आणि मग हरिहरची तीच पायरी आणि तेच टणाटण. मार्क ३ बॅटरी कार्डासकट २९० ग्रॅम, पँटच्या बाजूच्या खिशात जातो.

म्हणून माझं म्हणणं, मित्राचा छोटा घे गडासाठी. आणि डी३२०० साठी निकॉनची ३५ मिमी एफ १.८ सेकंडहँड घे, दोनशे ग्रॅमची लेन्स, मी घेतली तेव्हा दहा हजाराच्या आत मिळाली होती. ती घरात कॅमेऱ्याला कायम लावून, दिवाणखान्यात ठेव. कपाटात नाही, दिवाणखान्यात. व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) बघून फोटो काढशील तर डी३२०० चा फोकस पळत्या पोराला पण बऱ्यापैकी पुरतो, स्क्रीनवर बघून काढायला गेलास तर मात्र गोगलगाय आहे, तो नाद करू नको.

एक सापळा आहे तो सांगून ठेवतो. दुकानात गेलास की "त्यापेक्षा ही ५० एफ १.८ घ्या, अजून स्वस्त" म्हणून जुनी डी नावाची लेन्स गळ्यात मारतील. डी३२०० मध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे ती जुनी लेन्स त्याच्यावर आपोआप फोकस करत नाही, हातानं फिरवावी लागते. नावात एएफ-एस असलेलीच घे, तिच्यात स्वतःची मोटर असते. आमच्या वेळी हातानंच फिरवायचो म्हणा, पण आमची पोरं इतकी पळत नव्हती, धाक होता.

गॅदरिंगला ३५ कमी पडेल, पहिल्या रांगेत बसावं लागेल. त्यासाठी शाळेत लवकर जावं लागतं, लेन्स लागत नाही.

--

रंकाळा_बॉईज:

काका 🙏 धाक होता 😂😂

--

स्वस्त_आणि_मस्त:

मधेच विचारतो, पंधरा-वीस हजारात ते छोटे पातळ कॅमेरे परत दिसायला लागलेत इन्स्टावर, कॅननचे जुने इक्सस वगैरे, रेट्रो लुक म्हणून. ते घेतले तर? खिशात तर तेच सगळ्यात बसतात.

--

छिद्रान्वेषी:

ते नका घेऊ या कामाला. त्यांच्यात सेन्सर नखाएवढा, ६ बाय साडेचार मिमीच्या आसपास, आणि लेन्सची धार पण बारीक, म्हणजे भांडंही लहान आणि नळही लहान. तुमचा फोनच त्यापेक्षा चांगला. आता जो भाव आहे तो त्या फ्लॅशच्या लुकचा आहे. २०१० साली जगात वर्षाला १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे जात होते, त्यात बहुतेक हेच छोटे, २०२३ ला सगळे मिळून ८० लाख पण नाहीत. कंपन्यांनी छोटे बनवणं जवळपास बंद केलं आणि आता पोरांना तेच हवेत, मग भाव चढणारच. जी७ एक्स मार्क ३ पण त्यामुळेच मधे मिळेनासा झाला होता. रिकोचा जीआर थ्री पण लोक सुचवतील, २५७ ग्रॅममध्ये मोठा सेन्सर, कॅमेरा फार गोड आहे, पण झूम अजिबात नाही, बजेटबाहेर जातो, आणि धूळ त्याला पण चुकलेली नाही.

@रविवारचा_गडी मित्राचा मार्क ३ घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी एवढं करा. दहाबारा वेळा चालू-बंद करा, लेन्स अडखळत किंवा करकर करत बाहेर आली तर सोडून द्या. पांढऱ्या भिंतीचा फोटो ॲपर्चर एफ ११ ला नेऊन काढा, काळे ठिपके दिसले तर आत धूळ. त्याचा व्ह्यूफाइंडर वरून उडी मारून बाहेर येतो, तो पण चारपाचदा उघडून बघा, आत चित्र नीट येतंय का. तो व्ह्यूफाइंडर फार कामाचा आहे बरं का, झेड३० ला आणि जी७ एक्सला व्ह्यूफाइंडरच नाही, दुपारी बाराला माथ्यावर स्क्रीनमध्ये आपलंच तोंड दिसतं. बॅटरी छोटी आहे, कंपनी ३२० फोटो सांगते, थंडीत पहाटे कमी धरा. पण कॅमेऱ्यातच यूएसबीनं चार्ज होतो, पॉवरबँक चालते, फक्त केबल जुनी मायक्रो यूएसबी लागेल, ती आता घरात शोधावी लागते.

--

रविवारचा_गडी:

सगळ्यांचे आभार. मधे महिनाभर गेला, आता येऊन सांगतोय.

मित्राच्या घरी जाऊन सगळं छिद्रान्वेषींनी सांगितलं तसं केलं. पंधरा वेळा चालू-बंद केल्यावर मित्र म्हणाला लग्नाला मुलगी बघायला आलायस का. भिंतीच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात एक ठिपका आहे, फिकट, आकाशाच्या फोटोत दिसेल तेवढाच. तो दाखवून २५ हजारात घेतला.

काकांच्या सल्ल्यानं ३५ पण घेतली, सेकंडहँड, दुकानदारानं आधी डी वालीच काढली होती, शपथेवर. डी३२०० आता टीव्हीच्या शेजारी डब्यात असतो, निळ्या दाण्यांसकट. मुलीचे फोटो येतायत. सगळे नाही, दहातले चार शार्प असतात, रंकाळा भाऊंचं म्हणणं खरंय, फोकस कधीकधी मागच्या सोफ्यावर जाऊन बसतो. पण जे चार येतात ते मोबाईलवर कधी आले नव्हते.

परवा साल्हेरला गेलो होतो. अंधारात चढलो, परशुराम मंदिरापाशी पोचलो तेव्हा उजाडत होतं, वारा असा की उभं राहता येईना. खिशातून काढला, काढले, परत खिशात. आधीच्या कॅमेऱ्याला मी बॅग उघडेपर्यंत तो उजेड गेलेला असायचा. सावल्या जरा काळ्या आल्यात, छिद्रान्वेषी म्हणाले होते तसंच, मोठ्या सेन्सरनं अजून थोडं वाचवलं असतं. चालतंय.

एक शंका उरली. बॉडी फार गुळगुळीत आहे, थंडीत बोटं बधिर झाली की निसटेल असं वाटत राहतं. गळ्यातला पट्टा तर मला नकोच आहे.

--

वाशिष्ठीकाठी:

मनगटाचा पट्टा लावा, मऊ दोरीचा, आवळता येणारा. आणि पुढच्या बाजूला चिकटवायची रबरी ग्रिप मिळते, ती बसवा. तो ठिपका मात्र लक्षात ठेवा, पुढच्या पावसाळ्यानंतर भिंतीचा फोटो परत काढून बघा वाढलाय का.

--

फिल्मवाले_काका:

साल्हेरचे टाक की इथं. आणि गॅदरिंगला किती वाजता जायचंय ते शाळेत आत्ताच विचारून ठेव.